नदीची चित्रं भिंतीवर नकोत, टेबलावर हवीत

पावसाळ्यात गंगापूर धरणातून पाणी सोडलं की नाशकात एकच प्रश्न फिरतो : मारुती कुठवर बुडाला? गोदाघाटावरच्या दुतोंड्या मारुतीच्या पायाला पाणी लागलं तर लोक नुसते बघून येतात. गुडघ्यापर्यंत चढलं की घाटावरच्या टपऱ्या आणि हातगाड्या वर सरकू लागतात. कमरेच्या वर गेलं की भांडी बाजार आणि सराफ बाजारातली मंडळी खालच्या फळीवरचा माल वर चढवतात. २०१९ च्या ऑगस्टमध्ये मारुती अख्खा पाण्याखाली गेला होता. जलसंपदा खातं विसर्गाचे आकडे क्यूसेकमध्ये देतं. अमुक हजार क्यूसेक म्हणजे आपल्या ओट्याला पाणी लागणार की नाही, हे त्यातून दुकानदाराला कळत नाही. मारुतीवरून कळतं.

या मूर्तीकडे कलाकृती म्हणून कोणी बघत नाही. नाकीडोळी ती फार सुबक आहे असंही नाही, आणि तिच्यावर रंगाचे किती थर बसलेत ते मारुतीच जाणे. पण नदीवरची सार्वजनिक कला कशी असावी, असं मला कोणी विचारलं तर मी आधी तिच्याकडे बोट दाखवीन. ती पुराच्या वाटेत उभी आहे, दरवर्षी भिजते, आणि तिच्याकडे बघून शहराला काहीतरी ठरवता येतं. नदीच्या नावावर आपण हल्ली जी कला मांडतो, तिच्यात यातलं काहीच नसतं.

हा विषय आत्ता काढायचं कारण सिंहस्थ. ३१ ऑक्टोबर २०२६ ला ध्वजारोहण आणि २ ऑगस्ट २०२७ ला पहिलं अमृतस्नान, अशा तारखा जाहीर झालेल्या आहेत. सिंहस्थ आला की पैसा येतो, आणि पैसा आला की गोदाकाठ नटवायची हौस उफाळून येते. घाटावर फरशा, रंगीत दिवे, भिंतींवर रामायणातले प्रसंग, कमानी, फायबरची शिल्पं. हे सगळं ‘गोदावरीवरच्या प्रेमापोटी’ होतं आणि त्यात कलावंतांनाही बोलावलं जातं. माझं म्हणणं असं की नदीकाठच्या भिंती रंगवण्यात कलावंतांनी आपली ताकद घालवू नये. नदीवर जी कला आधीच झालेली आहे, ती काठावर काय बांधायचं आणि काय बांधायचं नाही हे ठरवणाऱ्या टेबलावर गेली पाहिजे. पुरावा म्हणून.

‘पुरावा’ हा शब्द कलाप्रेमींना खटकेल, ठाऊक आहे. त्याच्याकडे येतो. आधी ही सजावट कुठे जाते ते बघू.

महापालिकेत मनसेची सत्ता असताना गोदापार्कचा गाजावाजा झाला. काठाकाठाने फिरायला वाट, बाकं, झाडं. कल्पना वाईट नव्हती, जागा नदीची होती. २ ऑगस्ट २०१६ च्या पुरात पाणी आपल्या जागेवर परत आलं आणि पार्कची दैना झाली. पुढे होळकर पुलावर रंगीबेरंगी दिव्यांतला पाण्याचा पडदा लागला. लोक गर्दी करून बघायला गेले, फोटो निघाले. खाली खरीखुरी नदी वाहत होती. तिच्याकडे बघायला लोकांना वरून पाणी पाडून दाखवावं लागलं, हे त्या वेळी फारसं कुणाला विचित्र वाटलं नाही. त्याच २०१६ सालच्या उन्हाळ्यात, पुराच्या जेमतेम चार महिने आधी, रामकुंड कोरडं ठणठणीत पडलं होतं आणि तिथे टँकरने पाणी आणून ओतायची वेळ आली होती. एकाच वर्षात कुंडात टँकर आणि त्याच कुंडावरून वाहणारा पूर! नदीचं बिघडलेलं दुखणं याहून स्पष्ट कुठला डॉक्टर लिहून देणार? पण त्या वर्षाचं चित्र, शिल्प, फलक असं काहीही घाटावर नाही.

आता जरा बाजूला होऊन एका वेगळ्याच चित्राकडे बघू. कोणताही नदीकाठ प्रकल्प जाहीर होतो तेव्हा वर्तमानपत्रात सल्लागार कंपनीचं संकल्पचित्र छापून येतं. पाणी निळंशार, थांबलेलं, दोन्ही काठांना सारखंच चढलेलं. काठावर सायकलवरची मुलं, हातात फुगे, एखादं जोडपं, मागे काचेच्या इमारती. मी हे चित्र पुण्याच्या मुळा-मुठेसाठी पाहिलंय, नाशिकसाठी पाहिलंय, आणि नावं झाकली तर कोणतं कुठलं ते सांगता येणार नाही. या चित्रात कधीच पूर येत नाही आणि उन्हाळाही येत नाही. धुणं धुणाऱ्या बाया नाहीत, बुधवारचा बाजार नाही, दहाव्याला आलेली माणसं नाहीत, नाल्याचं तोंड तर नाहीच नाही. आजच्या काळात नदीवर काढलेलं सर्वांत प्रभावी चित्र हेच आहे, कारण ते बघून निधी मंजूर होतो. पुण्यात ४४ किलोमीटरच्या नदीकाठ प्रकल्पाचं भूमिपूजन मार्च २०२२ मध्ये झालं आणि तेव्हापासून झाडांवरून, पूररेषेवरून, पात्राच्या रुंदीवरून वाद चालू आहे. तिथले लोक आकडे घेऊन भांडतात, न्यायाधिकरणात जातात, झाडांना कवटाळतात. समोर मात्र ते गुळगुळीत चित्र असतं आणि बहुतेकांच्या मनात तेच घर करून बसतं.

चित्राला उत्तर चित्राने द्यावं लागतं. आणि ते उत्तर आपल्याकडे दोन हजार वर्षांपासून पडून आहे.

गाथा सप्तशती ही महाराष्ट्री प्राकृतातली, हाल सातवाहनाच्या नावावर असलेली आपली सर्वांत जुनी कविता. सातवाहनांची राजधानी पैठण, म्हणजे गोदाकाठच. त्यातली एक गाथा साहित्यशास्त्राच्या विद्यार्थ्याला पाठच असते. एक बाई एका भाविक बुवाला सांगते, ‘बुवा, आता खुशाल हिंडा. ते कुत्रं आज मारलं गेलं. गोदावरीच्या काठच्या दाट जाळीत राहणाऱ्या त्या माजलेल्या सिंहाने मारलं.’ वरवर बाई अभय देतेय. खरं म्हणजे त्या जाळीत तिची प्रियकराशी भेट ठरलेली असते आणि फुलं तोडायला येणाऱ्या बुवाला तिला तिथून घालवायचं असतं. कुत्र्याला घाबरणारा माणूस सिंहाचं नाव ऐकून पुन्हा फिरकणार नाही. नवव्या शतकात काश्मीरमध्ये आनंदवर्धनाने ध्वनीचा, म्हणजे कवितेत न बोलता सुचवलेल्या अर्थाचा, सिद्धान्त मांडताना हीच गाथा उदाहरण म्हणून घेतली आणि पुढची हजार वर्षं पंडित तिच्यावर कीस पाडत बसले.

मला त्या गाथेत वेगळंच दिसतं. सिंह बहुधा बाईने बनवलेला आहे. पण जाळी बनवलेली नाही. गोदाकाठी सिंह लपू शकेल, दोन माणसं दिवसाढवळ्या दिसेनाशी होतील इतकी दाट झाडी असल्याशिवाय ही थाप पचलीच नसती. ऐकणाऱ्याने ‘हॅ, तिथे कुठली आलीय जाळी’ म्हटलं असतं. कवीला काठच्या वनस्पतींची नोंद करायची नव्हती, त्याला प्रेमातली चलाखी सांगायची होती, आणि म्हणूनच ती नोंद विश्वासाची आहे. कलेने जे मुद्दाम सांगितलं त्यावर वाद घालता येतो. तिने सांगता सांगता गृहीत धरलं ते सहसा खरं असतं. वकील उलटतपासणीत साक्षीदाराकडून नेमकं हेच काढून घेतात.

आज नाशिक शहरातल्या गोदाकाठावर अशी जाळी शोधायला जा. तपोवनाच्या बाजूला, शहराच्या खालच्या अंगाला थोडं हिरवं उरलंय. २०२५ च्या अखेरीस तिथल्याच शेकडो झाडांवर साधुग्रामासाठी, म्हणजे सिंहस्थाला येणाऱ्या साधूंच्या मुक्कामासाठी, कुऱ्हाड येणार अशी बातमी आली आणि लोक तपोवनात जमले, सभा झाल्या, नटांपासून शाळकरी मुलांपर्यंत सगळे बोलले. वनवासातल्या रामाची शिल्पं चौकाचौकांत उभारणाऱ्या शहराला त्याच्या वनवासातलं वन जड व्हावं, यावर मी निराळं काय लिहू?

रामाचा विषय निघालाच आहे तर भवभूतीही आठवतो. तो आठव्या शतकातला, विदर्भातल्या पद्मपूरचा. त्याच्या उत्तररामचरितात राम बारा वर्षांनी दंडकारण्यात परत येतो आणि त्याला जागा ओळखू येत नाही. पूर्वी जिथे प्रवाह होता तिथे आता वाळवंट आहे, दाट झाडी होती तिथे विरळ झाली, विरळ होती तिथे दाटली. डोंगर तेवढे जागच्या जागी आहेत म्हणून हेच ते वन अशी खात्री पटते. या श्लोकाला आपण करुणरस म्हणून दाद देतो. मला त्यातलं निरीक्षण थक्क करतं. नदी हलते, काठ बदलतात, हे त्या कवीने सहज स्वीकारलेलं आहे. हे त्याला कळत होतं आणि दोन्ही तीरांवर काँक्रीटची उभी भिंत घालून नदीला एका रेघेत बसवणाऱ्या आपल्या अभियंत्यांना कळत नाही, असं मी म्हणणार नाही. त्यांनाही कळतं. निविदेत त्याला रकाना नसतो.

आता जवळच्या काळात येऊ. नाशिकला जलरंगांची मोठी परंपरा आहे आणि तिचा खरा वर्ग गोदाघाटावर भरतो. शिवाजी तुपे यांनी हा घाट आयुष्यभर रंगवला, पिढ्या घडवल्या. आजही थंडीतल्या रविवारी सकाळी घाटाच्या पायऱ्यांवर पाच-दहा जण पाट्या मांडीवर घेऊन बसलेले दिसतात. एकदा मी एका तरुण चित्रकाराच्या मागे बराच वेळ उभा राहिलो. समोर देवळांचे कळस, त्यांची पाण्यात हलणारी सावली, कपडे बदडणारी एक बाई, उन्हाची तिरपी पट्टी. त्याने कागदावर पहिला ओला हात मारला तो पाण्याचा, स्वच्छ निळसर-राखी. समोरचं पाणी शेवाळी, तवंग आलेलं, एका कडेला निर्माल्याच्या प्लास्टिकच्या पिशव्या अडकलेल्या. पिशव्या त्याने गाळल्या, बाई ठेवली. आणि ब्रश बुडवायला त्याच्या शेजारी घरून आणलेल्या पाण्याची बाटली होती. नदी दोन पायऱ्या खाली होती, तिचं पाणी त्याने वापरलं नाही. वापरलं असतं तर रंग नासले असते, हेही खरं.

म्हणजे घाटावरची चित्रं खोटं बोलतात का? वासाबाबत आणि रंगाबाबत बहुतेक वेळा बोलतात. चित्राला वास येत नाही ही त्याची अडचणही आहे आणि पळवाटही. आनंदवली ते तपोवन या पट्ट्यात किती नाल्यांची तोंडं नदीत उघडतात हे जलरंगातून कधीच कळणार नाही. सातपूर-अंबडकडून येणारी नासर्डी टाकळीजवळ गोदावरीला मिळते तिथे कोणी ईझल मांडून बसत नाही. पुढे पानवेलींचा हिरवा गालिचा दिसतो, तो लांबून फार देखणा असतो आणि नेमका तोच आजार असतो. नदीच्या या दुखण्यावर काही लोक २०१२ पासून उच्च न्यायालयात झगडले. त्यांनी आपल्या मंचाला नाव दिलं ‘गोदावरी गटारीकरणविरोधी मंच’. त्या नावातला रांगडेपणा आमच्या चित्रांत असता तर बरं झालं असतं, असं मला कित्येकदा वाटतं.

पण गाथेतल्या बाईचं इथेही लागू पडतं. चित्रकाराने पाणी धुऊन घेतलं, तरी दगड धुतले नाहीत. पायऱ्या किती, कोणती पायरी पाण्यात, कोणता ओटा कुठे वळतो, कुंडाची कड कुठे संपते, सांडव्यावरून पाणी कसं उतरतं, नारोशंकराच्या देवळाच्या तटाला ओल कुठवर चढलीय, हे त्याने जसंच्या तसं मांडलं. कारण ते चुकलं तर चित्र बसतच नाही. एकोणिसाव्या शतकातल्या साहेबांनी कॅमेऱ्याने टिपलेले घाट, १८८३ च्या गॅझेटियरमधलं कुंडांचं वर्णन, आणि नंतरच्या सगळ्या चित्रकारांची जलरंगातली पानं एकाखाली एक लावली तर गोदाघाटाचा शे-दीडशे वर्षांचा दस्तऐवज तयार होतो. आणि तो कोणत्याही सरकारी दप्तरातल्या नकाशापेक्षा बोलका आहे, कारण नकाशात पाण्याची पातळी महिन्यागणिक बदलत नाही. श्रावणात काढलेलं चित्र आणि चैत्रात काढलेलं चित्र यांत ती बदलते.

याचा उपयोग काय, असं विचाराल तर रामकुंडाच्या परिसरातल्या कुंडांची कथा सांगावी लागेल. लक्ष्मणकुंड, धनुषकुंड, सीताकुंड, अहिल्याकुंड, दशाश्वमेध, अशी नावाची एकेक कुंडं या पात्रात होती. २००३ च्या सिंहस्थाच्या आगेमागे पात्राच्या तळाशी काँक्रीट ओतलं गेलं. भाविकांचे पाय घसरू नयेत, गाळ काढायला सोपं जावं, स्नानाला सपाट जागा मिळावी, अशी त्यामागची कारणं, आणि ती अगदीच खोटी नव्हेत. पण कुंडं पुसली गेली आणि गोदाप्रेमींचं म्हणणं असं की तळाचे जिवंत झरेही बुजले. देवांग जानींसारखे लोक वर्षानुवर्षं हे काँक्रीट काढा म्हणून न्यायालयात आणि महापालिकेत खेटे घालत राहिले. तेव्हा त्यांना सिद्ध काय करावं लागलं? की इथे कुंड होतं. ज्या गावात कुंडाच्या नावाने संकल्प सोडले जातात, तिथे कुंड ‘होतं’ हे जुन्या नोंदी काढून दाखवावं लागलं! काही कुंडांतलं काँक्रीट पुढे काढलंही गेलं. पण मग स्मार्ट सिटीच्या कामात घाटावरच्या जुन्या दगडी पायऱ्या उखडल्या गेल्या आणि तोच खेळ पुन्हा सुरू झाला : आधी कशा होत्या, दगड कुठे गेले, परत तशाच बसवणार का. अशा वेळी ‘तशाच’ म्हणजे कशा, हे चित्रकाराइतकं नेमकं कोण सांगेल? त्याने त्या पायऱ्यांच्या सावल्या मोजलेल्या असतात.

रामकुंडातलं पाणी हा आणखी एक नाजूक भाग. पर्वणीच्या दिवशी कुंडात खळाळतं पाणी दिसतं ते बहुतेकदा वर धरणातून सोडलेलं आवर्तन असतं. सणासाठी नळ उघडावा तशी नदी उघडायची आणि सण संपला की बंद करायची, याला आपण इतके सरावलोय की नदीला बारमाही स्वतःचं पाणी हवं हा मुद्दाच चर्चेत येत नाही. जुन्या चित्रांत उन्हाळ्यातही एक बारीक धार दगडांमधून वाट काढताना दिसते. मला कोणी म्हणेल, चित्रकाराने ती सौंदर्यासाठी घातली असेल. घातली असेल एकाने. वेगवेगळ्या वर्षांतल्या वेगवेगळ्या हातांनी ती तिथेच घातलेली असेल तर मात्र उत्तर द्यावं लागेल.

इथे एक उलटं उदाहरणही दिलं पाहिजे, कारण कला नेहमी नदीच्या बाजूनेच उभी असते असा समज मला करून द्यायचा नाही. नदीत दरवर्षी सर्वांत जास्त संख्येने जाणारी कलाकृती म्हणजे गणपतीची मूर्ती. शाडूची असेल तर विरघळते तरी. पीओपीची असेल तर भाद्रपद संपल्यावर हात, सोंड, मुकुट तुटलेल्या अवस्थेत काठावर पडून राहते. ते दृश्य ज्याने पाहिलंय त्याला ‘कलेने नदी वाचते’ हे वाक्य घशाखाली उतरणार नाही. नाशकात विद्यार्थ्यांनी ‘देव द्या, देवपण घ्या’ म्हणत काठावर उभं राहून मूर्ती गोळा करायला सुरुवात केली. सुरुवातीला शिव्या खाल्ल्या, नंतर लोक आपण होऊन मूर्ती हातात देऊ लागले. नदीसाठी झालेल्या कामांत मला हे फार मोलाचं वाटतं, आणि त्यात एकाही भिंतीला रंग लागला नाही. कलाकृती पाण्याबाहेर ठेवणं हेच तिथे काम होतं.

आता आक्षेप. पहिला नेहमीचा : लोक नदीकडे यायला तर हवेत ना? भिंती रंगवल्या, दिवे लावले, बनारसच्या धर्तीवर महाआरती सुरू केली की माणसं येतात, आली की त्यांना नदीबद्दल आपुलकी वाटते. यात तथ्य आहे असं मला काही काळ वाटायचं. आता तेवढं वाटत नाही. गोदावरीला माणसांची टंचाई कधीच नव्हती. रामकुंडावर वर्षाचे बाराही महिने देशभरातून माणसं येतात, अस्थी घेऊन येतात, श्राद्धं करतात, आणि श्रद्धेने येतात. इतकी गर्दी आणि इतकी भक्ती असलेली नदी गटार होऊ शकते, तर आणखी गर्दी हा उपाय कसा? २०२४ पासून आरती कोणी करायची यावरच दोन गट भांडले. नाल्याचं तोंड कोणी बंद करायचं यावर असं भांडण झाल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे आणि तो कलावंतांकडून येतो. चित्र म्हणजे पंचनामा नव्हे. उद्या तुम्ही म्हणाल प्रत्येक चित्रात नाला दाखवा, प्रत्येक कवितेत बीओडीचा, म्हणजे पाण्यातली घाण मोजणारा, आकडा घाला. नाही, तसं मी मुळीच म्हणत नाही. प्रचारी चित्रं बघून माझाही जीव जातो. बोटभर रोपटं हातात धरलेली पृथ्वी आणि रडणारी नदी असली पोस्टरं शाळेच्या स्पर्धेत शोभतात. कुसुमाग्रजांनी ‘कणा’ कवितेत याच गोदावरीच्या, म्हणजे गंगामाईच्या, पुरावर लिहिलं तेव्हा घर वाहून गेलेल्या पोराच्या तोंडी तक्रार घातली नाही, त्याच्या घरी नदीला माहेरवाशिणीसारखं नाचवलं. पण त्या कवितेतही भिंत खचते, चूल विझते. पूर घरात शिरला की आधी काय जातं याचा हिशेब त्यात चोख आहे. कलावंताने आपल्या धर्माप्रमाणे काढावं, लिहावं. ते पाहायचं कसं, हे मात्र त्याच्या एकट्याच्या हातात ठेवायचं कारण नाही. गाथेतल्या बाईने जाळी वनखात्यासाठी सांगितली नव्हती.

चित्रकारांकडून मागायच्या झाल्या तर मी दोन लहान गोष्टी मागीन. चित्राच्या मागे तारीख, वेळ आणि बसायची जागा लिहा. ‘गोदाघाट, सकाळ’ एवढ्याने भागत नाही, ‘गाडगे महाराज पुलाखालून, रामकुंडाकडे तोंड करून, अमुक तारीख’ असं लिहा. आणि पूररेषेच्या आतल्या भिंतीवर काही रंगवायला बोलावलं तर जाऊ नका. तिथे भिंतच का आहे, हे विचारा. निळी पूररेषा म्हणजे पंचवीस वर्षांतून एकदा जिथे पाणी पोचतं ती. तिच्या आत रंगवलेलं चित्र म्हणजे तिथल्या बांधकामाला चिकटवलेला गोड चेहरा. उद्या ते पाडायची वेळ आली की चित्र पुढे करून ‘कलेची हानी’ म्हणून ओरड होते. मानधन जाईल, मान्य. नाशकातल्या किती चित्रकारांना ते परवडेल, हे मी बाहेरून सांगणं बरोबर नाही. पण ज्यांना परवडतं त्या नावाजलेल्यांनी तरी सुरुवात करावी.

महापालिकेकडून मागणी जरा मोठी आहे. घाटावर फरशी बदलायची असो, ओटा वाढवायचा असो की आरतीसाठी चौथरा बांधायचा असो, त्या जागेची मिळतील तेवढी जुनी चित्रं, छायाचित्रं आणि वर्णनं गोळा करून संकल्पचित्राच्या शेजारी लावली जावीत, आणि ती बघूनच आराखड्यावर सही व्हावी. लोकांना बघायला ती आठवडाभर उघडी असावीत. नाशकात जागेची अडचण नाही. १८४० पासून चालत आलेलं सार्वजनिक वाचनालय आहे, तिथे संग्रहही आहे आणि माणसांचा राबताही आहे. जुन्या वाड्यांत, पुरोहितांच्या घरांत, फोटो स्टुडिओंच्या माळ्यावर किती कागद पडलेत याची गणती नाही. २००८ आणि २०१९ च्या पुरात किती भिजून गेले याचीही नाही. म्हणून हे काम आधी करायचं. शक्य झालं तर ज्या घरांच्या भिंतींवर लोकांनी पुराच्या पाण्याच्या रेघा मारून ठेवल्या आहेत त्यांचेही फोटो त्यात घ्यावेत. काही रेघांशेजारी साल लिहिलेलं आहे, एकीशेजारी मी घरातल्या मुलाची उंचीही लिहिलेली पाहिली, बहुधा त्याच पेन्सिलीने.

यात पैसा फारसा लागत नाही, हीच त्यातली अडचण असावी. ज्या कामाचा ठेका निघत नाही ते महापालिकेत कुणाच्या टेबलावर जाणार? त्यामुळे वाट न बघता चित्रकारांच्या संस्थांनी, छायाचित्रकारांनी आणि नदीसाठी कोर्टकचेऱ्या करणाऱ्यांनी एकत्र बसावं हे बरं. आजवर हे तिघे एकमेकांच्या कार्यक्रमांना पाहुणे म्हणून गेलेत, एकमेकांचे कागद मात्र त्यांनी बघितलेले नाहीत. घाटावरची कामं सिंहस्थापर्यंत थांबणार नाहीत, रोज कुठे ना कुठे दगड हलतोय. निदान रामकुंड ते तपोवन एवढ्या पट्ट्याचा संग्रह ध्वजारोहणाच्या आत उभा राहिला, तर पुढच्या वेळी ‘इथे काही नव्हतंच’ असं कोणी म्हणालं की कपाट उघडून दाखवता येईल.